चुना लावलेली भाकरी

मराठी माणसाला चुना दोन कामांसाठी ठाऊक असतो. एक, पानाला लावायला आणि दुसरं, दुसऱ्याला लावायला. आयुष्याची वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढल्यामुळे पहिल्यापेक्षा दुसऱ्या प्रकाराशीच माझा परिचय अधिक. खोटा पगाराचा दाखला, एकच म्हैस तीन ठिकाणी तारण, मेलेल्या काकांची सही, असे चुन्याचे नाना प्रकार या डोळ्यांनी पाहिले. पण चुना लावल्यामुळे समोरच्याचं कल्याण झालं, असा व्यवहार काही कधी पाहण्यात आला नव्हता. तो अखेर मेक्सिकोत सापडला, आणि तोही निदान तीन हजार वर्षं जुना.

मेक्सिकोतली माणसं मक्याला चुना लावतात. मग त्या मक्याची जी भाकरी करतात तिला म्हणतात तोर्तिया. लिहिताना तिच्यात दोन 'एल' असतात, म्हणून आपल्याकडचे काही सुशिक्षित हॉटेलवाले 'टॉर्टिला' म्हणतात. त्यांचं चालू द्यावं. नाव मुळी स्पॅनिश लोकांनी ठेवलं. त्याचा अर्थ 'छोटा केक' किंवा 'छोटी चानकी' असा काहीतरी. खुद्द स्पेनमध्ये तुम्ही तोर्तिया मागितलीत तर बटाट्याचं आमलेट पुढे येतं! म्हणजे हे लोक समुद्र ओलांडून गेले, समोर भाकरी दिसली आणि तिला आमलेटचं नाव देऊन मोकळे झाले. ज्यांना वेस्ट इंडीज आणि इंडिया यांत फरक करता आला नाही, त्यांच्याकडून भाकरी आणि आमलेट यांत फरक करण्याची अपेक्षा तरी काय धरायची?

स्थानिकांचं नाव वेगळंच होतं. नाहुआत्ल भाषेत तिला 'त्लश्काल्ली' म्हणत. हा शब्द पहिल्याच प्रयत्नात उच्चारणाऱ्याला मी स्वखर्चानं तोर्तिया खिलवायला तयार आहे. त्लाश्काला नावाचं एक राज्यच तिथे आहे, आणि त्याचा अर्थ 'भाकऱ्यांचं गाव' असा लावतात.

आता चुन्याकडे. मका माणसाळला तो दक्षिण मेक्सिकोत, बाल्सास नदीच्या खोऱ्यात, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी. त्याचा मूळ पूर्वज तेओसिंते नावाचं एक गवत. त्याचं कणीस बोटाएवढं आणि दाणे दगडासारखे. पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून तिथल्या शेतकऱ्यांनी त्याचा आजचा जाडजूड मका केला. पण सुक्या मक्याच्या दाण्याचं साल महाचिवट. तेव्हा कुणीतरी, बहुधा कुणा बाईनंच, तो दाणा चुन्याच्या नाहीतर राखेच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजत ठेवला. सकाळी चोळल्यावर साल सुटून आलं. या शिजवलेल्या मक्याला 'निश्तामाल' म्हणतात. त्यातलं 'नेश्त्ली' म्हणजे राख. चुना लागतो किती? मक्याच्या वजनाच्या साधारण शेकडा एक. इतक्या कमी दरात एवढा परतावा देणारी योजना आमच्या बँकेनं अजून काढलेली नाही.

परतावा दुहेरी असतो. एक तर या चुन्यामुळे पीठ एकमेकाला धरून राहतं. मक्यात गव्हासारखा चिवटपणा नाही. नुसता मका दळून पाण्यात मळला तर त्याची भाकरी वळण्यापेक्षा वाळूचा किल्ला बांधणं सोपं. आपण ज्वारीच्या पिठात उकळतं पाणी घालतो ते याचसाठी. त्यांनी चुना घातला. दुसरा परतावा मात्र फार उशिरा कळला. मक्यात नायासिन नावाचं जीवनसत्त्व असतं, पण ते कुलूपबंद असतं. त्याची किल्ली म्हणजे चुना.

युरोपीय लोकांनी मका उचलून घरी नेला, पण सोबतची कृती काही नेली नाही. आपल्याकडे परदेशातून मशीन येतं आणि मॅन्युअल तिकडेच राहतं, तसं झालं. मका स्वस्त आणि भरघोस, म्हणून इटलीपासून रुमेनियापर्यंत गरिबांच्या ताटात तोच आला. आणि पाठोपाठ पेलाग्रा नावाचा रोग आला. कातडी सोलवटते, जुलाब लागतात, शेवटी वेड लागतं. स्पेनमध्ये गास्पार कासाल या डॉक्टरनं १७३५ साली त्याचं वर्णन केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत तो हजारोंनी माणसं मारत होता. हा संसर्ग नव्हे, ही अन्नातली उणीव आहे, हे जोसेफ गोल्डबर्गरनं १९१४ पासून घसा फोडून सांगितलं. नेमकी उणीव कसली ते १९३७ साली कॉनराड एल्व्हेजेमच्या संशोधनातून सापडलं. आणि एवढा काळ मेक्सिकोतल्या खेड्यातली निरक्षर म्हातारी मक्यात चिमूटभर चुना टाकून निवांत बसली होती. (हा रोग आपल्या दख्खनच्या पठारावरही होता बरं का! नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत तो का दिसतो, याचा शोध हैदराबादेत डॉ. गोपालन आणि मंडळींनी १९६०च्या सुमारास घेतला. भाकरीबरोबर डाळ, दूध मिळणाऱ्यांना तो होत नाही. म्हणजे रोग भाकरीचा नव्हे, नुसत्या भाकरीचा.)

एर्नान कोर्तेस १५१९ साली मेक्सिकोत उतरला आणि १५२१ साली अॅझ्टेकांची राजधानी पडली. त्यानंतर वीसेक वर्षांनी तिथल्या चित्रकारांकडून एक चित्रमय पोथी करवून घेण्यात आली. पहिला व्हाइसरॉय मेंडोसा, त्याच्या नावानं ती ओळखली जाते. स्पेनच्या राजाकडे निघालेली ही पोथी फ्रेंच चाच्यांच्या हाती लागली आणि फिरत फिरत ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात जाऊन विसावली. तीत मुलांना वाढवण्याची अॅझ्टेक रीत चितारली आहे. प्रत्येक मुलाच्या डोक्याशी वयाचे ठिपके आणि जेवणाच्या तोर्तिया. तीन वर्षांच्या मुलाला अर्धी. चार-पाच वर्षांच्याला एक. सहाव्या वर्षी दीड. तेराव्या वर्षी दोन.

हे पाहून मला अगदी घरच्यासारखं वाटलं. ही सरळसरळ वेतनश्रेणी आहे! सहा ते बारा या वयात बढती गोठवलेली, मग तेराव्या वर्षी अर्ध्या भाकरीची वाढ. महागाई भत्ता नाही. कामचुकारपणा केला तर मिरचीच्या धुरावर धरण्याची शिक्षाही त्याच पोथीत काढलेली आहे. ती आमच्या सेवा-नियमांत नाही, निदान लेखी तरी नाही.

पण त्याच पोथीत तेरा वर्षांच्या मुलीचं चित्र आहे, तिथे माझी थट्टा जरा अडखळली. दोन तोर्तियांची बढती मिळालेली ती मुलगी पाट्यासमोर गुडघे टेकून बसली आहे, आणि आई तिला शिकवते आहे. त्यांचा पाटा म्हणजे मेताते. आपल्या पाट्यासारखाच, पण तीन पायांचा आणि उतरता. वर दोन्ही हातांनी धरायचा वरवंटा. रात्री भिजवलेला मका पहाटे उठून त्यावर वाटायचा, एकदा नव्हे, मऊ होईपर्यंत. मग हातावर थापायचा आणि खापराच्या तव्यावर, म्हणजे कोमालवर, भाजायचा. वाटलेला ओला मका टिकत नाही, म्हणून हे रोज. पाच-सहा जणांच्या कुटुंबाला बाईचे दिवसाचे पाच-सहा तास यात जात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

मी कॉमर्सचा माणूस. आकडा दिसला की हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो. पाचच तास धरू. वर्षाचे १,८२५ तास, कारण पाट्याला रविवार नसतो. तेराव्या वर्षी बसलेली बाई त्रेपन्नाव्या वर्षी सुनेच्या हाती वरवंटा देऊन उठली असं मानू. चाळीस वर्षांचे ७३,००० तास झाले. आठ तासांचा एक दिवस धरला तर ९,१२५ दिवस. वर्षाचे कामाचे दिवस २५० धरले तर साडेछत्तीस वर्षं. म्हणजे तेविसाव्या वर्षी बँकेत चिकटून साठाव्या वर्षी नारळ-शाल घेऊन घरी जाणाऱ्या माणसाची अख्खी नोकरी! आणि ही नुसती भाकरीची. स्वयंपाकाचा बाकीचा भाग, पाणी, पोरं, हे सगळं ओव्हरटाइम. नारळ नाही, शाल नाही, पेन्शनचा तर प्रश्नच नाही. हा हिशेब मी दोनदा तपासला. आईला दाखवला तर ती म्हणाली, "जात्यावर बसणाऱ्या माझ्या आजीचा पण मांड की." तो मी अजून मांडलेला नाही.

पुढे शहाणी माणसं जन्माला आली. फ्रान्सिस्को बुल्नेस नावाचे एक विद्वान आणि राजकारणी मेक्सिकोत होऊन गेले. त्यांनी १८९९ साली पुस्तक लिहून मानवजातीचे तीन भाग पाडले: गहू खाणारे, मका खाणारे आणि तांदूळ खाणारे. प्रगती करतात ते फक्त गहूवाले, असा निकाल त्यांनी देऊन टाकला. देश मागासलेला का? तर तोर्तियेमुळे. आमच्या शाखेची वसुली मागे का, याचं कारण वरिष्ठांनी एकदा ग्राहकांच्या खुर्च्यांच्या रंगात शोधलं होतं, त्याची आठवण झाली. यातला भात खाणाऱ्यांविषयीचा भाग मी कोकणातल्या एका स्नेह्यांना वाचून दाखवला. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. १९४०च्या दशकात मेस्कितालच्या खोऱ्यातल्या अत्यंत गरीब लोकांचा आहार शास्त्रज्ञांनी तपासला, तेव्हा तोर्तिया, घेवडा, मिरची आणि रानभाज्यांवर ही माणसं अपेक्षेपेक्षा बरीच धड आहेत, असं आढळलं. तोवर बुल्नेससाहेब वारले होते.

मका दळायच्या गिरण्या शहरांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्या, खेड्यांत १९२० नंतर. आता तुम्हाला वाटेल की गावानं वाजतगाजत स्वागत केलं असेल. छे! पुरुषमंडळी आडवी आली. गिरणीच्या पिठाला चव नाही. लोखंडाचा वास येतो. आणि मुख्य म्हणजे, बायकांना एवढा रिकामा वेळ मिळाला तर त्या करतील काय? मेक्सिको शहराच्या दक्षिणेला तेपोस्त्लान नावाचं गाव आहे. ऑस्कर लुइस या मानवशास्त्रज्ञानं १९४०च्या दशकात तिथे मुक्काम ठोकला आणि १९५१ साली त्यावर जाडजूड पुस्तक काढलं. त्यात ही हकिगत आहे: नवऱ्यांच्या विरोधापायी पहिली गिरणी बसली, पण बायकांनी हट्ट सोडला नाही आणि पुढची गिरणी चालवून दाखवली. आमच्या बँकेतले जुने लोक ऐंशीच्या दशकातल्या संगणकविरोधाच्या गोष्टी सांगतात, त्या जवळजवळ शब्दशः याच चालीवर असतात. फरक एवढाच, की इथे खतावण्या लिहिणारेच यंत्राला विरोध करत होते. तिथे विरोध करणाऱ्यांपैकी कुणीच कधी पाट्यावर बसलेलं नव्हतं. लासारो कार्देनास १९३४ ते १९४० राष्ट्राध्यक्ष होते. त्यांच्या सरकारनं गावोगावच्या महिला मंडळांना गिरण्या मिळवून दिल्या. राजकारणात येण्याचा तो बऱ्याच बायकांचा पहिला रस्ता ठरला.

दळणाचं ओझं उतरलं, मग थापण्याकडे लक्ष गेलं. हातात पाच तासांचं काम असताना थापण्याची दहा-वीस मिनिटं कोण वाचवणार? लाकडाचा किंवा बिडाचा तोर्तियाचा प्रेस हा असा उशिरा आलेला पाहुणा आहे. दोन तबकड्या, एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला दांडा. आपल्या पुरीयंत्राचा थोरला भाऊ म्हणा ना.

असा एक बिडाचा थोरला भाऊ माझ्या मेव्हण्यानं टेक्सासहून आणला. विमानतळावर त्यामुळे त्याची बॅग दोनदा उघडली गेली. वजन असं की चोर आला तर उपयोगी पडावा. सौ.नं तो ओट्यावर ठेवला आणि शेजारी आई स्टूल घेऊन बसली, परीक्षकासारखी.

कृती सांगतो, कारण ती सोपी असूनही तिच्यात चार खुब्या आहेत. पीठ साधं मक्याचं चालत नाही, चुन्यात शिजवलेल्या मक्याचंच लागतं. कोमट पाण्यात मळायचं आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवायचं. मीठसुद्धा घालत नाहीत. मग लिंबाएवढा गोळा घ्यायचा आणि बोटानं दाबून पाहायचा. कडेला भेगा पडल्या तर पीठ कोरडं, बोटाला चिकटलं तर ओलं. प्रेसच्या दोन्ही तबकड्यांना प्लास्टिक हवं, नाहीतर पीठ लोखंडाशी कायमचा संसार थाटतं. इथे सौ.नं धुतलेल्या दुधाच्या पिशव्या कापून काढल्या. तिकडेही बायका जाड पिशव्याच कापून वापरतात म्हणे; थालिपीठ थापणाऱ्या आपल्या बायकांना हे शिकायला मेक्सिकोला जावं लागत नाही. गोळा मधोमध न ठेवता बिजागरीच्या बाजूला किंचित सरकवायचा, दांडा दाबायचा, पण माणूस दाबावा तसा नव्हे. मग तोर्तिया प्लास्टिकसकट अर्धी फिरवून पुन्हा एकदा हलकेच दाबायची, नाहीतर एक बाजू जाड आणि एक पातळ राहते. आता प्लास्टिक तोर्तियेवरून सोलायचं. तोर्तिया प्लास्टिकवरून सोलायला गेलात तर तिचे अमेरिकन संस्थानांसारखे तुकडे होतात.

तवा चांगला तापलेला हवा. पहिली बाजू वीस-तीस सेकंद, कडा सुटेपर्यंत. उलटून दुसरी बाजू पाऊण-एक मिनिट. पुन्हा उलटली की पीठ जमलेलं असेल तर ती टम्म फुगते. वरून पाणी लावायचं नाही. काढली की थेट फडक्यात गुंडाळून टोपलीत, म्हणजे स्वतःच्याच वाफेवर ती मऊ होते.

तिसरी तोर्तिया फुगली. सौ.नं दांडा दाबला आणि म्हणाली, "अहो, हे माझ्या लग्नात का नाही दिलं कुणी?" आईनं एक तुकडा मोडला, चावला, आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "चांगली आहे. पण हिच्यावर बोटं दिसत नाहीत." दुसऱ्याच मिनिटाला तिनं स्टूल सरकवलं आणि पुढच्या चार तोर्तिया स्वतः दाबल्या. सत्तराव्या वर्षी मनगट दुखत असताना तिला थापायला लावणारा मी कोण, आणि चवीवर निकाल देणारा तरी कोण? मी फडकं धरून उभा होतो.

मेक्सिकोत घरचा प्रेसही आता बऱ्याच ठिकाणी सणावारीच बाहेर निघतो. फाउस्तो सेलोरिओ यांनी १९४७च्या सुमारास स्वयंचलित यंत्र आणलं. एका टोकाला पीठ घाला, दुसऱ्या टोकाला फिरत्या पट्ट्यावरून भाजलेल्या तोर्तिया घ्या. मग गल्लोगल्ली तोर्तियेची दुकानं झाली. लोक फडकं घेऊन रांगेत उभे राहतात आणि किलोवर विकत घेतात. त्यानंतर १९४९ साली सेर्राल्वो या गावी गोन्सालेस पितापुत्रांनी मासेका हे कोरडं तयार पीठ काढलं, आणि रात्री मका भिजवण्याचं कामही गेलं. जाणकार म्हणतात की चवही गेली. हे म्हणणाऱ्यांत पहाटे चारला उठून मका वाटलेले किती, ते मी विचारणार नाही. १९८५ साली रोदोल्फो नेरी वेला हा मेक्सिकन अंतराळवीर अटलांटिस यानातून तोर्तिया घेऊन गेला. पावाचे कण तरंगत यंत्रात शिरतात, तोर्तियेचे शिरत नाहीत, हे अमेरिकनांना उमगलं आणि तेव्हापासून ती त्यांच्या अवकाशातल्या शिध्यात आहे. म्हणजे मागासलेपणाचं ते कारण पृथ्वीभोवती घिरट्या घालतं आहे. बुल्नेससाहेबांना कळवायला हवं.

किमतीचं मात्र जमिनीवरच राहिलं. तोर्तियेवरचं सरकारी अनुदान १९९९च्या जानेवारीत संपलं. पुढे अमेरिकेत मक्यापासून इंधन करायची लाट आली, मका महागला, आणि २००७च्या सुरुवातीला तोर्तियेचे भाव भडकले. सरकारनं व्यापाऱ्यांशी करार करून किलोला साडेआठ पेसोंवर भाव बांधला, तरी ३१ जानेवारीला मेक्सिको शहरात हजारो लोक रस्त्यावर उतरले. आपल्याकडे कांद्यानं सरकारं पडतात, तेव्हा यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही.

या सगळ्या वाचनात एके ठिकाणी मी खुर्चीतून उठलोच. मेक्सिको शहरात शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर दिएगो रिव्हेरा यांची प्रचंड भित्तिचित्रं आहेत. त्यातल्या १९२८च्या सुमाराच्या एका चित्रात टेबलाभोवती सगळ्या वर्णांची माणसं जेवायला बसली आहेत आणि मधोमध बसलेला एक सावळा माणूस पाव मोडून वाटतो आहे. तो माणूस वर्ध्याचा! पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदर पक्षाच्या संस्थापकांपैकी एक, पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांशी लढलेले, आणि मायदेशी परतायची सोय न उरल्यामुळे १९२४ साली मेक्सिकोत पोचलेले. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले होते, ते इथे कामाला आलं. चापिंगोच्या शेतकी विद्यालयात ते प्राध्यापक झाले, मक्याच्या जाती सुधारल्या, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. स्वातंत्र्यानंतर परत आले, नागपूरला राहिले आणि १९६७ साली वारले. चापिंगोत त्यांचा पुतळा २०२२ साली बसला.

हे मी आईला वाचून दाखवलं आणि चित्राचा फोटोही दाखवला. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"वर्ध्याचा ना? म्हणजे ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला," ती म्हणाली. "मक्याच्या देशात राहिला, आणि त्या चित्रकारानं हातात पाव दिला होय रे त्याच्या?"